लाही, थर्माकोल आणि सूक्ष्मकोश : उष्णतेने फुगणाऱ्या पदार्थांच्या इतिहासाविषयी काही विचार

जालन्याहून मंठामार्गे जिंतूरकडे जाणारा रस्ता परभणी जिल्ह्यात शिरल्यानंतर देवगाव फाट्याशी येतो आणि तेथून त्यास सेलूकडे जाणारी वाट फुटते. सेलू हे मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावरील स्थानक. त्यामुळे मालमोटारींची वर्दळ या फाट्यास नवी नाही. श्रावणाच्या आरंभी, नागपंचमीस दोन दिवस असताना, प्रस्तुत लेखकास येथे गाडी बदलण्यासाठी सुमारे तासभर थांबावे लागले. रस्त्याच्या एका कडेस थर्माकोलच्या ठोकळ्यांनी शिगोशीग भरलेली मालमोटार उभी होती; दुसऱ्या कडेस, पत्र्याच्या आडोशाला, एक वृद्ध स्त्री चुलीवरील कढईत ज्वारीच्या लाह्या भाजीत होती. या दोन दृश्यांत काही संबंध आहे असे त्या क्षणी वाटले नाही. परंतु उष्णतेने फुगणाऱ्या प्लॅस्टिकांच्या इतिहासाची टिपणे त्याच वेळी पिशवीत होती, आणि पुढे ती टिपणे लिहून काढताना त्या कढईची आठवण वारंवार होत गेली. प्रस्तुत लेख त्या आठवणीतून निघाला आहे.

मालमोटारीचा विचार प्रथम करू. पेट्यांत वस्तू जपून ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या थर्माकोलच्या एका घनमीटराचे वजन सुमारे १५ किलो असते. मोटारीच्या हौद्याचे आकारमान ४० घनमीटर धरले, तर काठोकाठ भरूनही तिच्यात ६०० किलोच माल मावतो; नऊ-दहा टन वाहून नेण्याची शक्ती असलेले वाहन जवळजवळ रिकामेच धावते. किंबहुना ते हवेची वाहतूक करीत असते, आणि डिझेल मात्र पुरते जळते. हाच माल फुगण्यापूर्वीच्या बारीक मण्यांच्या रूपात नेला असता, तर सहाशे किलोंस सुमारे एक घनमीटर जागा पुरली असती. लाह्या भाजणाऱ्या स्त्रीने हा हिशेब कागदावर कधी मांडला नसेल, पण तो तिच्या धंद्यातच होता. तिने घरून ज्वारीची पिशवी आणली होती, लाह्यांचे पोते आणले नव्हते. दाणा दाण्याच्याच रूपाने आणावा आणि गिऱ्हाईक समोर आले म्हणजे फुलवावा, ही तिची रीत.

हलक्या, सच्छिद्र प्लॅस्टिकांचा इतिहास लिहिताना बहुधा फुगण्याच्या क्रियेवर भर दिला जातो. आमच्या मते या इतिहासातील खरा शोध फुगण्याचा नव्हे. फुगण्याची शक्ती एखाद्या बंद कणात साठवून ठेवणे, आणि ती हव्या त्या स्थळी व हव्या त्या तापमानास मोकळी करणे, हा खरा शोध होय. फेस तर साबणालाही येतो आणि ताकालाही येतो. परंतु तो आला की तेथल्या तेथे वापरावा लागतो, नाहीतर बसून जातो. उद्याचा फेस आज पुडीत बांधून ठेवता येणे, ही निराळी गोष्ट आहे. हा दृष्टिकोन पत्करला म्हणजे लाही, थर्माकोलचा मणी आणि अलीकडचा उष्णताप्रसरणशील सूक्ष्मकोश ही तिन्ही एका रांगेत येऊन बसतात.

लाहीचे शास्त्र आता बरेच उलगडले आहे. ज्वारीच्या अथवा मक्याच्या दाण्याचे बाह्य कवच घट्ट असते आणि आतील गराचा बाहेरचा थर कठीण, काचेसारखा अर्धपारदर्शक असतो. गरातील पिष्टात वजनाच्या सुमारे चौदा टक्के पाणी मुरलेले असते. दाणा झपाट्याने तापविला की हे पाणी १००° सें. ला उकळून निघून जावे, अशी आपली सहज समजूत होते. पण कवच त्यास बाहेर पडू देत नाही. तापमान वाढत १८०° सें. च्या आसपास जाते, आतील वाफेचा दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे नऊ-दहा पट होतो, आणि पिष्ट वितळून लापशीसारखे मऊ बनते. या क्षणी कवच फुटते. दाब एकाएकी उतरतो, पाण्याची वाफ होऊन ती मऊ पिष्टात असंख्य बुडबुडे काढते, आणि त्या प्रसरणानेच थंड झालेले पिष्ट त्या बुडबुड्यांसह क्षणार्धात घट्ट होते. कवच, आत कोंडलेला बाष्पनशील द्रव आणि उष्णतेने मऊ होणारा पदार्थ या तिघांचे वेळापत्रक जुळले तरच लाही होते. कवचाला चीर असेल, किंवा दाणा हळूहळू तापला, तर वाफ निसटते आणि दाणा न फुटता तसाच राहतो. अशा दाण्यास मराठीत ‘गणंग’ असा नेमका शब्द आहे. रसायनशाळेतील निष्फळ कणास अद्याप असा सुटसुटीत शब्द कोणी दिलेला नाही, ही गोष्ट मुद्दाम नोंदवावीशी वाटते.

लाह्यांसाठी ज्वारी आधी ओलवतात. पाणी निथळून ती कापडात बांधून ठेवतात, म्हणजे ओल दाण्याच्या पोटापर्यंत सारखी पोचते. त्या बाईस याविषयी विचारले तेव्हा ती म्हणाली, “वल कमी पडली बाबा, की दाणा गणंग राहतो, वल जास्त झाली की नुसता शिजतो.” ओलीचे प्रमाण आणि लाहीचा फुलवरा यांचा संबंध दाखविणारे आलेख आज शास्त्रीय नियतकालिकांत सापडतात. ओल अमुक टक्क्यांपर्यंत वाढविली असता फुलवरा वाढतो व त्यानंतर उतरू लागतो, एवढेच ते आलेख सांगतात. तिच्या एका वाक्यात वक्ररेषेची दोन्ही टोके आली होती.

परंतु येथेच सावध राहणे अवश्य आहे. आपल्याकडे एखादी आधुनिक वस्तू दिसली की ती आपल्या पूर्वजांस ठाऊक होती असे सिद्ध करण्याचा मोह होतो. विवाहविधीतील लाजाहोम गृह्यसूत्रांत सांगितला आहे. तेव्हा धान्याच्या लाह्या या देशात फार प्राचीन होत, यात संशय नाही. पण दाणे फुलविण्याचा मान एकट्या भारताचा नाही. पेरूच्या उत्तर किनाऱ्यावरील उत्खननांत सुमारे ६,७०० वर्षांपूर्वीच्या मक्याची कणसे मिळाली असून तेथील लोक मका फुलवून खात असत, असे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखविले आहे. आणि ज्वारी, जिच्यावाचून मराठवाड्याची कल्पनाही आपण करू शकत नाही, ती मुळात आफ्रिकेतून आलेली आहे. शिवाय लाही पाहून कोणी सूक्ष्मकोश केला, असा कोठलाही पुरावा नाही. लाही ही सूक्ष्मकोशाची पूर्वज नव्हे. तत्त्वाचे साम्य आहे, वंशाचे नाही. ज्यांस वंशावळ हवी असेल त्यांनी ती दुसरीकडे शोधावी.

धान्य आणि प्रयोगशाळा यांना जोडणारा एक दुवा मात्र खरोखरच सापडतो. अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ अलेक्झांडर अँडरसन हे पिष्टाच्या कणात पाण्याचा सूक्ष्म अंश असतो काय, हे तपाशीत होते. १९०१ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या वनस्पती उद्यानात त्यांनी काचेच्या नळ्यांत पिष्ट भरून त्यांची तोंडे बंद केली, त्या तापविल्या आणि मग हातोडीने फोडल्या. फुटताक्षणी आतील पिष्ट फुगून सच्छिद्र कांडीसारखे बाहेर आले. दाण्याला निसर्गाने दिलेले कवच येथे काचेचे झाले होते. या प्रयोगातून पुढे फुगविलेल्या तांदळाचा व गव्हाचा धंदा उभा राहिला, आणि १९०४ च्या सेंट लुईस येथील जागतिक प्रदर्शनात क्वेकर ओट्स कंपनीने तोफांतून तांदूळ उडवून लोकांस थक्क केले. आपल्याकडील भडभुंजा तप्त वाळूत जे शांतपणे करीत आला, तेच तेथे तोफखान्याच्या थाटात झाले. तो त्या देशाचा स्वभाव म्हणावयाचा.

आता प्लॅस्टिकांकडे वळू. पॉलिस्टायरीन या बहुवारिकास फुगवून हलका पदार्थ करण्याची कल्पना स्वीडनमध्ये १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत पेटंटरूपाने आली. तिचे कर्ते कार्ल मुंटर्स आणि जॉन टांडबर्ग. मुंटर्स यांनी विद्यार्थिदशेत बाल्ट्झार फॉन प्लाटेन यांच्यासह ज्योतीवर चालणारे शीतकपाट शोधून काढले होते. थंडी कोंडून ठेवणारा पदार्थ त्यांस का हवासा वाटला असेल, हे यावरून समजते. अमेरिकेत डाऊ केमिकल कंपनीतील रे मॅकिन्टायर हे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विजेला रोधक असा लवचीक पदार्थ शोधीत होते. स्टायरीनबरोबर आयसोब्युटिलीन दाबाखाली घातले असता त्यांस अपेक्षित रबर मिळाले नाही, बुडबुड्यांनी भरलेला कडक पदार्थ मिळाला. डाऊने मुंटर्स यांच्या पेटंटाचे हक्क घेतले आणि ‘स्टायरोफोम’ बाजारात आला. युद्धात अमेरिकी तटरक्षक दलाने त्याचा उपयोग तराफ्यांसाठी केला. मात्र हा पदार्थ यंत्राच्या तोंडातून बाहेर पडतानाच फुगत असे. म्हणजे तो कारखान्यातच फुगलेला. फुगणे पुढे ढकलण्याची सोय त्यात नव्हती.

ती सोय जर्मनीत झाली. लुडविग्सहाफेन येथील बीएएसएफ कंपनीतील फ्रिट्झ श्टास्टनी यांनी १९४९ च्या सुमारास पेंटेनसारखा सहज उडून जाणारा द्रव पॉलिस्टायरीनमध्ये मुरविला. शोषणपेटीत ठेवलेला एक नमुना अपेक्षेपेक्षा अधिक वेळ राहून गेला आणि तो कित्येक पटींनी फुगलेला आढळला, अशी हकीकत सांगतात. या हकीकतीचे शीर्षक बहुधा ‘अपघाती शोध’ असे असते. ते आम्हांस रुचत नाही. पेटीत राहून गेलेले नमुने जगातील सर्व प्रयोगशाळांत असतात, आणि ते बहुधा केरात जातात. फुगलेल्या नमुन्याकडे पाहून, हा फुगवटा कारखान्यात नको, गिऱ्हाइकाच्या दारात हवा, हे ज्याच्या लक्षात आले त्याने शोध लावला. १९५२ साली ड्युसेलडॉर्फच्या प्लॅस्टिक प्रदर्शनात ‘स्टायरोपोर’ लोकांपुढे आले. साखरेच्या दाण्याएवढे किंवा त्याहून थोडे मोठे मणी, त्यांत वजनाने सुमारे पाच ते सात टक्के पेंटेन. वाफ दिली की मणी चाळीस-पन्नास पट फुगतात. मग त्यांना काही काळ विसावा देतात. निवल्यावर मण्यातील पेंटेन पुन्हा द्रवरूप होऊन आत निर्वात होऊ पाहते, आणि बाहेरची हवा सावकाश आत शिरेपर्यंत मणी नाजूक असतो. शेवटी साच्यात भरून दुसऱ्यांदा वाफ दिली की मणी परस्परांस चिकटून ठोकळा तयार होतो. त्यात आकारमानाने अठ्ठ्याण्णव टक्के हवा असते. थर्माकोलचा तुकडा मोडला म्हणजे जे गोल गोल दाणे हातात येतात, ते हेच मणी.

भारतात पॉलिस्टायरीनचे उत्पादन १९५७ साली पॉलिकेम कंपनीने मुंबईत चेंबूर येथे सुरू केले, आणि देशातील मोठ्या प्रमाणावरील प्लॅस्टिक-निर्मितीचा आरंभ सामान्यतः तेथून धरतात. परभणी जिल्हा त्याच्या आदल्याच वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, हैदराबाद राज्यातून द्विभाषिक मुंबई राज्यात आला होता. चेंबूर व देवगाव एका राज्यात आली तरी त्यांच्यामधील अंतर त्यामुळे फारसे कमी झाले नाही. या भागात प्लॅस्टिक पोचले ते बरेच सावकाश. फुगणारे पॉलिस्टायरीन पुढे बीएएसएफच्या भारतीय शाखेने ठाणे येथे तयार केले, आणि १९९५ पासून रायगड जिल्ह्यात नागोठण्याजवळ सुप्रीम पेट्रोकेमचा पॉलिस्टायरीनचा मोठा कारखाना चालू आहे. ‘थर्माकोल’ हा शब्द मराठीत इतका रुळला आहे की तो परका वाटतच नाही. गंमत अशी की इंग्लंड-अमेरिकेत या नावाने ही वस्तू कोणी ओळखत नाही. शब्द आपला, वस्तू त्यांची.

या वस्तूने मराठवाड्याच्या खेड्यांत काय बदलले, हा सामाजिक इतिहासाचा विषय आहे आणि तो कोणीतरी सविस्तर लिहावयास हवा. पळसाच्या पानांच्या पत्रावळी आणि द्रोण लावणे हा अनेक कुटुंबांचा उन्हाळ्यातील उद्योग होता. थर्माकोलच्या ताटांनी त्यांची जागा लग्नाच्या पंगतींत घेतली. गणपतीची मखरे कागद, कापड आणि बांबू यांतून निघून थर्माकोलमध्ये गेली. पळसाची पत्रावळ उकिरड्यावर पडली की वर्षभरात माती होते. थर्माकोलचे ताट नाल्यात अडकते आणि तुकड्यांचे तुकडे होऊन शेतात पसरते, पण नाहीसे होत नाही. २३ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्र शासनाने अधिसूचना काढून प्लॅस्टिकच्या व थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली. त्या वर्षीच्या गणेशोत्सवापुरती सवलत मिळावी म्हणून सजावटकारांनी उच्च न्यायालयात केलेली विनंती फेटाळली गेली. १ जुलै २०२२ पासून केंद्र शासनाच्या नियमांनीही सजावटीचे थर्माकोल निषिद्ध केले. हलकेपणाचा हा हिशेब कारखान्यात मांडला गेला नव्हता. वजन कमी म्हणून वाहतूक परवडत नाही, आणि गोळा करून पुन्हा कारखान्यात नेणे तर त्याहूनही परवडत नाही. म्हणजे मालमोटारीचा तोच हिशेब उलट दिशेने लागू पडला.

थर्माकोलच्या मण्याहून शंभर पट लहान असा कण करण्यासाठी एका निराळ्या विद्येची जोड मिळावी लागली. ती कागदाच्या धंद्यातून आली. अमेरिकेत डेटन येथील नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीतील बॅरेट ग्रीन आणि लोवेल श्लायकर यांनी तेलाच्या अतिसूक्ष्म थेंबांभोवती जिलेटिनाचे कवच चढविण्याची रीत बसविली. पाण्यात विरघळलेली दोन कोलॉइडे योग्य परिस्थितीत द्रावणातून वेगळी होऊन थेंबाच्या पृष्ठभागावर जाऊन बसतात, असे तिचे तत्त्व. या कोशांत रंगद्रव्य भरून ते कागदाच्या पाठीस लावले, की वर लिहिताना पेन्सिलीच्या दाबाने कोश फुटतात व खालच्या कागदावर अक्षर उमटते. कार्बन-कागद न घालता प्रत काढणारी पावतीपुस्तके १९५४ पासून बाजारात आली ती याच शोधामुळे. दोन गोष्टी त्यातून सिद्ध झाल्या : काही सहस्रांश मिलिमीटर व्यासाच्या थेंबास कवच घालता येते, आणि असे कोट्यवधी कोश एखाद्या पिठाप्रमाणे हाताळता येतात.

डाऊ कंपनीपाशी पॉलिस्टायरीन फुगविण्याचा अनुभव होताच. तिच्यापाशी आणखी एक वस्तू होती. राल्फ वायली यांना १९३३ साली त्याच कंपनीत व्हिनिलिडीन क्लोराइडाचे बहुवारिक योगायोगाने आढळले होते, आणि पुढे ‘सारान’ या नावाने त्याच्या पातळ पापुद्र्यांचा उपयोग अन्न गुंडाळण्यासाठी होऊ लागला. कारण वायू व बाष्प यांस त्यातून जाणे फार कठीण पडते. सूक्ष्म कणात वायू कोंडावयाचा तर असेच कवच हवे. कण जितका लहान तितके त्याचे पृष्ठफळ आकारमानाच्या मानाने अधिक, आणि गळती तितकीच अधिक. पॉलिस्टायरीनच्या मण्यातून पेंटेन काही महिन्यांत उडून जाते, तर दहा मायक्रॉनच्या कणातून ते किती लवकर जाईल याची कल्पना करावी. तेव्हा १९७१ च्या ऑक्टोबरात डोनाल्ड मोरहाऊस व टेट्रॉल्ट या दोघांस मिळालेले, आणि डाऊच्या मालकीचे, उष्णतेने फुगणाऱ्या सूक्ष्मकणांचे पेटंट हे आम्हांस आकस्मिक वाटत नाही. फुगविण्याची विद्या आणि वायू अडविणारे बहुवारिक एकाच छपराखाली वावरत होती.

सूक्ष्मकोश तयार करण्याची रीत अशी : व्हिनिलिडीन क्लोराइड, ॲक्रिलोनायट्राइल, मिथिल मेथाक्रिलेट यांसारखी एकवारिके आणि आयसोब्युटेन किंवा आयसोपेंटेन यांचे मिश्रण पाण्यात जोराने घुसळून त्याचे बारीक थेंब करतात. थेंब परस्परांत मिसळू नयेत म्हणून सिलिकेची किंवा मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडाची अतिसूक्ष्म भुकटी त्यांच्या पृष्ठभागावर बसविलेली असते. दाबाखाली उष्णता दिली की थेंबातील एकवारिके जुळून बहुवारिक बनते. हे बहुवारिक हायड्रोकार्बनात विरघळत नसल्याने ते थेंबाच्या कडेस सरकते व तेथे कवच होते, आणि द्रव मध्यभागी उरतो. कवच बाहेरून चढवावे लागत नाही. गाळून, सुकवून हाती येते ते पांढरे पीठ; त्याच्या प्रत्येक कणाचा व्यास सुमारे १२ मायक्रॉन आणि कवचाची जाडी सुमारे २ मायक्रॉन. आयसोब्युटेन हा वस्तुतः शून्याखाली १२° सें. लाच उकळणारा पदार्थ. पण कवचाच्या कैदेत तो सामान्य तापमानासही द्रवरूपाने राहतो. १००° सें. ला त्याचा बाष्पदाब वातावरणाच्या वीस पट होतो. कवच मऊ होताच तो त्यास ताणतो आणि व्यास १२ मायक्रॉनवरून ४० मायक्रॉनवर जातो. व्यास तिपटीहून थोडा अधिक झाला म्हणजे आकारमान सुमारे ३७ पट झाले; घनमीटरास अकराशे किलो असलेली घनता तीसच्या घरात येते, आणि कवचाची जाडी मूळच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी होते. निवल्यावर कवच कडक होते व फुगवटा टिकून राहतो. तापमान फार चढले तर मात्र ताणलेल्या कवचातून वायू निसटतो आणि गोल पुन्हा आक्रसतो. फुगण्याचा आरंभ ८०° सें. पासून २००° सें. च्या पलीकडेपर्यंत कोठे व्हावा, हे कवचाच्या घटकांवरून ठरविता येते.

लाहीशी तुलना येथे पुरी करता येते. कढईतील दाण्यातही आणि या कणातही वातावरणाच्या दहा-वीस पट दाब उत्पन्न होतो. कवच, बाष्प आणि मऊपणा यांची वेळ दोन्हींत जुळावी लागते, आणि चुकली की दोन्हींत गणंग उरतात. परंतु लाही फुटते तेव्हा कवचाचा नाश होतो, वाफ निघून जाते, आणि एकदा फुललेला दाणा पुन्हा दाबाला तोंड देऊ शकत नाही. सूक्ष्मकोशाचे कवच फुटत नाही, ताणले जाते. म्हणून रबरात, रंगात अथवा प्लॅस्टिकच्या लगद्यात मिसळून तो तापविला असता प्रत्येक बुडबुड्यास स्वतःची भिंत असते. एक बुडबुडा दुसऱ्यात शिरून मोठे भगदाड पडत नाही. रासायनिक फुगवणींत, म्हणजे तापल्यावर नत्रवायू सोडणाऱ्या ॲझोडायकार्बोनामाइडासारख्या पदार्थांत, हीच अडचण असते. सूक्ष्मकोश त्यांहून महाग, पण अधिक शिस्तीचा.

या पिठाचा व्यापारी विस्तार अमेरिकेत झाला नाही, तो स्वीडनमध्ये झाला. १९८० च्या सुमारास सुंड्सवाल येथे ‘एक्सपान्सेल’ या नावाने त्याचे उत्पादन सुरू झाले. धंद्याचे मालक पुढे बदलत गेले. १९९४ मध्ये तो ॲक्झो नोबेलकडे आला आणि २०१८ मध्ये त्या कंपनीचा रसायनविभाग वेगळा होऊन ‘नूरियॉन’ झाला. जपानमध्ये मात्सुमोतो युशी कंपनीने स्वतंत्रपणे हा धंदा वाढविला. बुटांचे तळवे, मोटारींच्या तळाला लावण्याचे लेप, भिंतीवर चिकटविण्याचे उठावदार कागद, सदऱ्यांवरील फुगीर छपाई, बाटल्यांची बुचे, इतकेच काय पण खाणींत वापरल्या जाणाऱ्या पायस-स्फोटकांस चेतविण्यासाठी लागणारे बुडबुडे, अशा नाना ठिकाणी ते जाते. यांतील बहुतेक उपयोग व्यापारी सोयीचे आहेत व त्यांवर अधिक लिहिण्याचे कारण नाही.

एका उपयोगाविषयी मात्र थांबून लिहिले पाहिजे. कागदावर सूक्ष्मकोशांचा पातळ थर दिलेला असतो. त्यावर कार्बनयुक्त काळ्या शाईने आकृती काढतात किंवा छायाप्रत-यंत्राने उमटवितात, आणि तो कागद अवरक्त दिव्याखालून नेतात. काळी रेघ उष्णता शोषते, पांढरा कागद शोषीत नाही; त्यामुळे रेघेखालचे कोश तेवढे फुगतात आणि रेघ बोटांस लागेल इतकी वर येते. अंध विद्यार्थ्यास त्रिकोण, नदीचा प्रवाह, जिल्ह्याची सीमा किंवा विद्युन्मंडलाची आकृती काही क्षणांत बोटांखाली देता येते. ब्रेल लिपीने अक्षरे दिली. आकृती मात्र पूर्वी हाताने दोरा चिकटवून किंवा पत्र्यावर ठोकून करावी लागे, आणि म्हणूनच भूमिती-भूगोल हे विषय अनेक अंध मुलांच्या वाट्याला अर्धेमुर्धेच येत. या कागदाची किंमत साध्या कागदाच्या अनेक पट आहे व तो बहुतांशी परदेशांतूनच येतो. थर्माकोलच्या ताटासाठी जेवढी बुद्धी खर्च झाली तिच्या शतांश तरी हा कागद येथे स्वस्तात करण्यासाठी खर्च व्हावी, असे म्हणण्यावाचून राहवत नाही. कवचाची जी एकवारिके लागतात ती आमच्या रसायनधंद्यास अपरिचित नाहीत.

सूक्ष्मकोश हेदेखील अखेर प्लॅस्टिकच आहे, आणि दहा मायक्रॉनचे प्लॅस्टिक मातीतून वेचून काढण्याची युक्ती कोणापाशी नाही. युरोपीय संघाने २०२३ मध्ये हेतुपुरस्सर मिसळलेल्या सूक्ष्मप्लॅस्टिकांवर निर्बंध घातले. यानंतर संशोधकांचे लक्ष पुन्हा पिष्टाकडे वळले आहे, असे म्हणणे कालक्रमास धरून होणार नाही. ते त्याही आधी वळले होते. नॅशनल स्टार्च कंपनीतील लाकूर्स व आल्तिएरी यांनी मक्याचे पिष्ट पाण्याच्या वाफेने फुगवून पेट्यांत भरावयाचे हलके तुकडे केले, त्यांस १९८९ साली पेटंट मिळाले. ते तुकडे पाण्यात विरघळून जातात. जर्मनीतील ग्यॉटिंगेन विद्यापीठात तर मक्याच्या लाह्याच दाबून भिंतींसाठी उष्णतारोधक फळ्या करण्याची रीत बसविण्यात आली, आणि २०२१ मध्ये एका बांधकाम-साहित्याच्या कंपनीस तिचा परवाना देण्यात आला. पॉलिस्टायरीनच्या फळीची जागा लाहीची फळी घेऊ पाहत आहे.

परभणीचे कृषि विद्यापीठ १९७२ साली स्थापन झाले. ‘परभणी मोती’, ‘परभणी ज्योती’, ‘परभणी शक्ती’ ही त्याची ज्वारीची वाणे प्रसिद्ध आहेत. वाण निवडताना धान्याचे उत्पन्न, कडबा, रोगप्रतिकार, भाकरीची चव आणि अलीकडे लोह व जस्त यांचे प्रमाण पाहिले जाते, आणि ते योग्यच आहे. त्याबरोबर या वाणांचा फुलवरा, म्हणजे एका ग्रॅम दाण्यापासून किती घनसेंटिमीटर लाही होते आणि शंभरांत किती गणंग उरतात, हेही ओलीच्या वेगवेगळ्या प्रमाणांत मोजून पाहावे, असे आम्हांस सुचवावयाचे आहे. खर्चिक उपकरणे लागत नाहीत : तराजू, मापनपात्र, ओल मोजण्याची शोषणपेटी आणि कढई. आमच्या विभागातील बहुवारिकांचे विद्यार्थी आणि परभणीचे धान्यशास्त्राचे विद्यार्थी यांनी हे काम जोडीने केले, तर फळ्यांसाठी कोणता दाणा योग्य, हे निदान अंदाजाने न ठरविता आकड्यांवरून ठरविता येईल.

देवगाव फाट्यावरील त्या बाईने लाह्या चाळल्या, तेव्हा चाळणीखाली उरलेले गणंग तिने एका डब्यात निराळे भरून ठेवले. त्यांचे काय करता, असे विचारले असता ती म्हणाली, की ते दळून लाह्यांच्या पिठात घालतात, आणि ते पीठ ताकाबरोबर चांगले लागते. तेवढ्यात सेलूची गाडी आली.